परळची काचेची बशी आणि पोळ्यातला मध

मंडळी, मोहोळ उतरवले की थोडा मध आजाऱ्यासाठी बाजूला काढायचा, ही आपल्या घराघरांतली रीत. पण अलीकडे एक निराळेच कानावर येते : "मधाने कॅन्सर बरा होतो, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय!" यात खरे किती, हे पाहायला आपण जरा परळला जाऊ.

गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस उगवायचा त्या काळी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. डॉ. वसंत खानोलकर त्याचे संचालक. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गे यांच्याजवळ शिकल्या होत्या. १९५१ साली याच गे यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता घेतलेल्या, काचेत वाढू लागल्या होत्या. ती विद्या कमलाबाईंनी परळला आणली आणि पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली.

आता पारख कशी होते, ऐका. वाफ्यात रोपे वाढवावीत तशा बशीत कर्कपेशी वाढवतात. एका बशीत काहीच घालत नाहीत. दुसरीत माहितीतले औषध. बाकीच्यांत नवा पदार्थ, चढत्या मात्रेने. दोन-तीन दिवसांनी रंग घालून किती पेशी उरल्या ते मोजतात.

झाडांचा चीक आणून मधमाश्या पोळ्याच्या भेगा लिंपतात, तो डिंकही असाच पारखला गेला. १९८८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी त्यातले एक द्रव्य वेगळे काढले. निरोगी पेशींपेक्षा कर्कपेशींना ते अधिक मारक ठरले. बातमी खरी, पण बशीतली!

बशीला पोट नाही, यकृत नाही, रक्त नाही. मीठ जास्त झाले तरी बशीतल्या पेशी मरतात. मधात तर शंभरात ऐंशी भाग साखरच. दाट साखर पेशीतले पाणी ओढून घेते आणि पेशी सुकते. म्हणून काय साखरेने कॅन्सर बरा होतो?

निसर्गातून औषध मिळतच नाही, असे मात्र नव्हे. अंगणातल्या सदाफुलीतून निघालेले व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून रक्ताच्या कॅन्सरवर वापरात आहे. पण ते द्रव्य आधी वेगळे काढले, प्राण्यांवर आणि मग रोग्यांवर तपासले, मात्रा ठरवली. तीच सदाफुलीची पाने कुणी चावून खाल्ली, तर ती विषारीच. मधमाशीच्या डिंकाचा हा प्रवास अजून पुरा व्हायचा आहे.

गुरुजी, वर्गात एवढे जरूर सांगा : बशीतली पेशी मरणे हा पहिला प्रश्न, शेवटचे उत्तर नव्हे. आणि मंडळी, अंगावर न दुखणारी गाठ दिसली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मधाच्या भरवशावर बसू नका. मोहोळ पुढल्या हंगामातही उतरवता येईल. गाठ मात्र हंगामाची वाट पाहत नाही.