खराटा आणि सोनखत

गावगाड्याच्या जुन्या रचनेत स्वच्छता हे गावाचे कर्तव्य नव्हते. गावाने ते काही माणसांच्या माथी मारले होते. मेलेले जनावर ओढून नेणे, चावडी झाडणे ही महारांची वतनी कामे. पुढे कसब्यांत नगरपालिका आल्या, तेव्हा मैला डोक्यावरून वाहण्यास त्यांनीही मुशाहिऱ्यावर भंगीच नेमले. मुंबई इलाख्याने १८८९ साली ग्रामारोग्याचा स्वतंत्र कायदा केला खरा. परंतु केरसुणी कोणी धरावी, या प्रश्नाला त्याने हात घातला नाही.

तो घातला अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी. १९०५ मध्ये घर सोडलेले हे गाडगेबाबा अंगावर चिंध्या, हाती खराटा अशा वेषात गावात शिरत, कोणाची अनुज्ञा न घेता रस्ते झाडू लागत, आणि पाहणारे ओशाळून हातभार लावू लागले, म्हणजे रात्रीच्या कीर्तनात त्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच मुखातून उत्तरे वदवून घेत. (पारनेरचे रस्ते सेनापती बापटांनीही झाडले होते, याची आठवण आज कितीजणांना असेल?)

तथापि केर आणि मैला यांत आपल्या समाजाने फार मोठे अंतर मानले आहे. ते ओलांडले कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. सरकारने ते नाकारताच त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यास बंदीत असलेल्या गांधीजींनी डिसेंबरात सहानुभूतीचे उपोषण आरंभिले, तेव्हा कोठे फेरविचाराचे आश्वासन मिळाले. परकी सरकारच्या तुरुंगानेही आमची जातीची उतरंड इतक्या निष्ठेने सांभाळावी, हे मला त्या प्रकरणातले सर्वांत बोलके अंग वाटते. पुढे १९४८ साली कणकवलीस स्थापिलेल्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मृत जनावरांच्या चामड्याचे काम चालविले आणि मैला मातीआड करून त्याचे सोनखत करणारे संडास प्रचारात आणले. शेतकऱ्याला पुण्यापेक्षा खताचा हिशेब लवकर पटतो, हे त्यांनी ओळखले होते.

२००० साली शासनाने गाडगेबाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले. तत्पूर्वी अनुदानावर बांधलेल्या संडासांत ठिकठिकाणी गोवऱ्या आणि सरपण रचले गेले होते. आता गावागावांत चढाओढ लागली आणि पारितोषिकासाठी का होईना, गावकऱ्यांनी स्वतः खराटे उचलले. शहरांच्या भुयारी गटारांत उतरणारा माणूस मात्र अद्याप बहुधा त्याच जातींतला असतो.