परवान्याच्या रिव्हॉल्वरला गंज चढलाय? पॉलिश-कोटिंग करण्याआधी एवढं वाचा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार जमा करण्याची नोटीस येते. दोन-तीन महिन्यांनी हत्यार घरी परत येतं आणि कापड सोडून बघितलं तर नळीवर तांबूस ठिपके, मुठीजवळ काळं उडालेलं. काहींचं हत्यार घरातल्याच कपाटात असतं, पण चामड्याच्या कव्हरात घालून ठेवल्यामुळे पावसाळ्यात गंजतं.

मग पहिला विचार येतो तो असा: एमआयडीसीत गेटला, ग्रीलला पावडर कोटिंग करणारा ओळखीचा आहे, त्याच्याकडून मारून घेऊ. किंवा गावातला फॅब्रिकेशनवाला बफ मारून देईल. इथेच मोठी चूक होते. पाच मिनिटांच्या कामासाठी परवानाही जाऊ शकतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून काम कुणाकडे द्यायचं, कोणतं कोटिंग कशासाठी असतं आणि कागदपत्रं काय सांभाळायची, याची ही माहिती.

गंज का चढतो?

हातगुंडी हत्याराचा काळा-निळा रंग म्हणजे ऑइलपेंट नाही. बहुतेक जुन्या रिव्हॉल्वरवर 'ब्लूइंग' असतं. म्हणजे पोलादाच्याच पृष्ठभागावर रसायनाने तयार केलेला ऑक्साइडचा अगदी पातळ थर. हा थर गंज पूर्ण थांबवत नाही, फक्त तेल धरून ठेवायला मदत करतो. तेल सुकलं की दमट हवा आपलं काम करते.

घामातलं मीठ हे सगळ्यात मोठं कारण. हत्यार हातात घेतलं, दाखवलं आणि न पुसता ठेवलं, तर बोटांच्या ठशांच्या आकारातच गंज उमटतो. कोकणपट्टीत खारी हवा त्यात भर घालते. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली रसायनंही धातूला लागतात. म्हणून कव्हर हे बाळगण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ मधली चार कलमं इथे महत्त्वाची आहेत.

• कलम ५: हत्याराची विक्री, दुरुस्ती, बदल किंवा चाचणी असा व्यवसाय फक्त परवानाधारकच करू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

• कलम २९: समोरच्याला हत्यार ताब्यात ठेवण्याचा अधिकार आहे की नाही, याची खात्री न करता ते त्याच्या हाती देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे अडचणीत फक्त कोटिंगवाला येत नाही, तुम्हीही येता.

• कलम ८: हत्यारावरचं कंपनीचं नाव, नंबर किंवा ओळखखूण खोडणं, काढणं, बदलणं याला मनाई आहे. खोडलेल्या नंबरचं हत्यार तुमच्याकडे सापडलं, तर ते तुम्हीच खोडलं असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

• कलम ३: परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नाही. मात्र परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकारपत्र दिलं असेल, तर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी हत्यार नेऊ शकते. तोंडी सांगून मुलाला किंवा गड्याला मोटारसायकलवर पाठवू नका. शक्यतो स्वतःच जा.

वडील वारले आणि त्यांचं रिव्हॉल्वर घरात आहे, असं असेल तर आधी कोटिंगचा विचार सोडा. त्यांचा परवाना तुम्हाला चालत नाही. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा, आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करा आणि पुढचं मग बघा.

कोटिंगचे प्रकार

१) ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात साधारण १४० अंश सेल्सिअसला भाग बुडवतात. जाडी जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे भाग एकमेकांत नीट बसतात. दिसायला मूळ हत्यारासारखंच राहतं. पण तेलाची निगा कायम ठेवावी लागते. ॲल्युमिनियमची फ्रेम या द्रावणात खराब होते. टायटॅनियमच्या हत्याराला ही पद्धत लागू पडत नाही. कानपूरला तयार झालेलं आणि २०१४ मध्ये बाजारात आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्वर टायटॅनियम मिश्रधातूचं आहे, हे लक्षात ठेवा.

घरात दुनळी बारा बोअर असेल तर एक जादा सावधगिरी. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी डाक देऊन जोडलेली असते. गरम कॉस्टिकमध्ये तो डाक सुटू शकतो. अशा बंदुकीला सावकाश गंज चढवून उकळण्याची जुनी पद्धत वापरतात.

२) फॉस्फेटिंग. लष्करी हत्यारांवर दिसणारा राखाडी-काळा, न चमकणारा थर. तो किंचित खरबरीत असल्याने तेल चांगलं धरतो. दमट भागात ब्लूइंगपेक्षा टिकाऊ.

३) निकेल किंवा हार्ड क्रोम. चकाकणारा, कठीण थर. घाम आणि पाण्याला चांगला. पण खालच्या पोलादाची तयारी नीट झाली नाही तर पापुद्रे निघतात आणि आतून गंज सरकतो. प्लेटिंगच्या प्रक्रियेत स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग ठिसूळ होऊ शकतात. म्हणून स्प्रिंगांना प्लेटिंग करू नये.

४) सिरॅमिक कोटिंग. अमेरिकेतलं 'सेराकोट' हे यातलं प्रसिद्ध नाव. भाग सुटे करून बारीक वाळूच्या माऱ्याने साफ करतात, तेलाचा अंश काढतात, फवारणी करतात आणि भट्टीत साधारण १२० अंशाला दोन तास भाजतात. थर सुमारे २५ मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा. घाम, खारी हवा आणि घासणं या तिन्हींना चांगला.

मग गेटचं पावडर कोटिंग का नको?

कायद्याचा मुद्दा वर आलाच. पण तांत्रिक कारणही आहे. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन किंवा जास्तच असतो. रिव्हॉल्वरची फिरणारी चक्री आणि नळीचं मागचं टोक यात फट असते जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना थर बसला तर ही फट जवळजवळ भरूनच जाते. चक्री अडकते, ट्रिगर जड होतो. शिवाय जाड थराखाली नंबर बुजतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी हत्याराची तपासणी झाली की नेमका तोच नंबर वाचायचा असतो.

सँडपेपर किंवा बफिंग व्हील याहून वाईट. गंजाबरोबर नंबरची कडा घासली जाते, चाचणीचे शिक्के पुसट होतात. हेतू साफसफाईचा होता, हे नंतर कुणाला पटवून सांगणार?

बाटलीत मिळणाऱ्या थंड ब्लूइंगच्या द्रावणाबद्दलही सांगायला हवं. ते लहान ओरखडा झाकण्यापुरतं असतं, पूर्ण हत्यारासाठी नाही. त्यात विषारी रसायनं असतात, घरात लहान मुलं असतील तर ठेवूच नका.

कोटिंगने काय होत नाही

कोटिंग गंज थांबवतं, खाल्लेलं पोलाद परत आणत नाही. नळीच्या आत खड्डे पडले असतील, चक्रीला बारीक चीर असेल, तर वरून रंग मारल्याने तो दोष फक्त झाकला जातो. उडवताना त्याचा धोका हातालाच आणि डोळ्यालाच. म्हणून आधी तपासणी, मग कोटिंग. नळीच्या आत आणि चक्रीच्या घरांमध्ये कोटिंग करत नाहीत. असं करून देतो म्हणणाऱ्याकडे हत्यार देऊ नका.

काम देताना ही यादी सोबत ठेवा

१. निघण्याआधी हत्यार पूर्ण रिकामं करा. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून चक्रीचं प्रत्येक घर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं घरी कुलपात ठेवा.

२. मूळ परवाना सोबत घ्या. परवान्यावरचा हत्याराचा नंबर आणि प्रत्यक्ष नंबर जुळतो का ते पाहा.

३. परवान्याचं क्षेत्र तपासा. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर हत्यार परराज्यात नेता येणार नाही.

४. विक्रेत्याच्या परवान्यात दुरुस्तीचा समावेश आहे का, ते त्याच्या परवान्यावर बघा. विचारायला लाजू नका.

५. नंबर आणि शिक्क्यांचे जवळून फोटो काढा. काम झाल्यावर तसेच परत काढा. हे फोटो स्वतःपुरते ठेवा, स्टेटसला टाकू नका.

६. पावती घ्या. त्यावर कंपनी, बोअर, हत्यार नंबर, तुमचा परवाना क्रमांक, ताब्यात घेतल्याची तारीख, कामाचं स्वरूप आणि परत देण्याची तारीख असली पाहिजे.

७. परत घेताना नंबर स्वच्छ वाचता येतो का, चक्री मोकळी फिरते का, हे दुकानातच बघा. बाहेर पडल्यावर तक्रार करून उपयोग नाही.

शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हे काम आयुक्त कार्यालयाकडे असतं.

पुन्हा गंज चढू नये म्हणून

हाताळल्यावर प्रत्येक वेळी कोरड्या सुती कापडाने पुसा आणि बंदुकीच्या तेलाचा हलका हात फिरवा. खाण्याचं तेल वापरू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं. खोबरेल तेल तर थंडीत गोठतं. हत्यार कव्हरातून काढून कुलूपबंद कपाटात ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा बघा. जमा करायची वेळ आली तर नीट तेल लावून, पावतीवर हत्याराच्या स्थितीची नोंद करून मगच द्या.

थोडक्यात सांगायचं तर, हत्याराचा रंग उडाला तरी परवाना शाबूत राहतो. नंबर उडाला तर मात्र राहत नाही. काम उशिरा झालं, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण हत्यार परवानाधारक माणसाच्याच हातात द्या.