‘नातू आजोळी राहू द्या’ असा अर्ज

आईवडील हयात असताना आजी-आजोबा, मामा-मावशी यांना मुलाचा ताबा मागता येतो तो १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. अर्ज मूल नेहमी राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात, कुटुंब न्यायालय असेल तर तिथे. खरी अडचण कलम १९ची. बाप किंवा आई जिवंत आहे आणि कोर्टाच्या मते अपात्र नाही, तर दुसरा पालक नेमता येत नाही. आजी-आजोबांची सगळी दमछाक इथेच होते. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मात्र मुलाचे हित सर्वांत वर ठेवले. पत्नीच्या मृत्यूप्रकरणी आरोपी असलेल्या बापाला मूल देण्याचा खालच्या दोन्ही न्यायालयांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली फिरवला, तो याच कसोटीवर. न्यायमूर्तींनी मुलाला दालनात बोलावून विचारले. बापाकडे जायला त्याने साफ नकार दिला. समजत्या मुलाची इच्छा विचारात घेण्याची मुभा १८९०च्या कायद्यातही (कलम १७) आहे. ती केवळ मुभा न राहता न्यायालयावर बंधनकारक व्हायला हवी, असे आमचे ठाम मत आहे. – संपादक