राक्षसाचा सेतू आणि एक चित्रकर्ती

भगिनींनो, आपल्या घरातले जाते आणि पाटा-वरवंटा ज्या काळ्या पाषाणाचे, त्याच जातीचा पाषाण आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर, अँट्रिम परगण्यात, थेट समुद्रात उतरला आहे. मात्र तेथे त्याने असे रूप धारण केले आहे की, हे काम निसर्गाचे म्हणावे की एखाद्या कुशल पाथरवटाचे, असा पाहणाराला संभ्रम पडावा. सुमारे ४०,००० खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. बहुतेक षट्कोनी, काही पंचकोनी, तर काही सप्तकोनी. या स्थळाला ‘जायंट्स कॉजवे’, म्हणजे राक्षसाचा सेतू, असे नाव आहे.

येथे जावे ते पायीच. कड्यावरून उतरणारी वाट धरली की डाव्या हाताला अटलांटिक महासागराच्या लाटा सोबतीला येतात. खांबांच्या माथ्यांवरून, घाटाच्या पायऱ्या उतराव्या तसे, पाण्यापर्यंत जाता येते. पुढे धनगराच्या नावाने ओळखला जाणारा १६२ पायऱ्यांचा चढ आहे. तो चढून माथ्यावर गेले की खाली सारा किनारा पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे स्कॉटलंडची भूमीही दिसते. कड्याच्या मधोमध एक तांबडा पट्टा आहे. तो पाहून कोकणातील भगिनींना आपल्या जांभ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही; उष्ण व दमट हवेत काळा दगड कुजून तो पट्टा झाला आहे.

या सेतूची दंतकथा मोठी गमतीची आहे. फिन मॅकूल नावाच्या आयरिश राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनॅनडॉनरशी झुंज घेण्यासाठी हा रस्ता बांधला. प्रतिस्पर्धी आपल्याहून थोराड आहे हे पाहताच मात्र त्याचे अवसान गळाले. तेव्हा त्याच्या बायकोने, ऊनाने, नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजविले. बाळच एवढे, तर बाप केवढा असेल, या धास्तीने पाहुणा पळाला आणि जाता जाता सेतू मोडून गेला! कथेत नाव राहिले ते राक्षसाचे. अक्कल मात्र ऊनाची.

खऱ्या इतिहासातही थोडेसे असेच घडले. १६९३ साली या स्थळाची वार्ता लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचली. हे मनुष्याने छिन्नीने घडविले की निसर्गाने, असा वाद विद्वानांत सुरू झाला. वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी जागा पाहिलेली होती, आणि जी चित्रे उपलब्ध होती ती विश्वास ठेवण्याजोगी नव्हती.

अशा वेळी डब्लिनची सुझॅना ड्रुरी ही चित्रकर्ती तेथे गेली. तिच्या काळच्या मेरी डिलनी या बाईंनी लिहून ठेवले आहे की, ती तीन महिने जवळच राहिली आणि जवळजवळ रोज त्या जागी जात असे. अठराव्या शतकातील एका स्त्रीने त्या वाऱ्यापावसात कातडी पत्रे व रंग घेऊन निसरड्या दगडांवर बसावे, याची कल्पना करून पाहा. तिने १७३९ च्या सुमारास पूर्वेकडून व पश्चिमेकडून अशी दृश्ये रंगविली. खांबांचे कोन, त्यांचे आडवे सांधे, सारे तिने डोळ्यांना दिसले तसे उतरविले. १७४० मध्ये डब्लिन सोसायटीने तिला २५ पौंडांचे पारितोषिक दिले. पुढे व्हिव्हारे नावाच्या कोरीवकाराने या चित्रांचे ताम्रपट केले आणि त्यांचे छाप युरोपभर गेले.

फ्रान्समध्ये निकोला देमारे हा पंडित १७६३ मध्ये ओव्हेर्न्य प्रांतातील जुन्या ज्वालामुखींच्या परिसरात हिंडत होता. तेथे त्याला लाव्ह्याच्या प्रवाहात असेच खांब आढळले. या आयरिश देखाव्याचा ताम्रपट १७६८ साली फ्रेंच विश्वकोशाच्या चित्रखंडात आला, तेव्हा सोबतच्या टिपणात देमारेने हे खांब ज्वालामुखीचे असल्याचे सांगितले. काळा पाषाण समुद्राच्या पाण्यातून साचला, असे मानणारा पक्ष तेव्हा प्रबळ होता. त्यामुळे वाद आणखी काही दशके धुमसला. अखेर देमारेचेच म्हणणे खरे ठरले. उन्हाळ्यात तळे आटले की चिखल आक्रसून त्याला भेगा पडतात. तसाच सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आक्रसला, आणि भेगा वरून खाली उतरत जाऊन खांब सुटे झाले. आपल्या सह्याद्रीचा पाषाणही लाव्ह्याचाच, आणि वयाने याहून थोडा वडील.

देमारेचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. सुझॅनाच्या आयुष्याविषयी मात्र चार ओळींपलीकडे नोंद उरलेली नाही. १९८६ साली युनेस्कोने या किनाऱ्याचा जागतिक वारशात समावेश केला. तिच्या चित्रांची एक जोडी बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहे. त्यांत खांबांमधून फिरणारी चिमुकली माणसेही तिने काढली आहेत. त्यांच्यावरून नजरेने माप घेतले की खांबांची उंची बरोबर कळते.