पालकाचं देणं

महाडच्या औषध दुकानात ‘फॉलिक द्या’ इतकं सहज ऐकू येतं, की शब्द इथलाच वाटावा. मूळ लॅटिन ‘फोलियम’, म्हणजे झाडाचं पान. पुढे ते वहीचंही झालं. म्युच्युअल फंडाचा ‘फोलिओ’ त्यातलाच. (आपल्या ‘पाना’नं तरी वेगळं काय केलं?)

या औषधाची गोष्ट सुरू होते मुंबईत. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स 1928मध्ये तिथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानं हटतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातल्या द्रव्याला नाव नव्हतं. 1941मध्ये टेक्सासात चार टन पालकाचा अर्क काढला, तेव्हा ‘फॉलिक’ ठरलं. रक्तपेशी घडायला ते लागतंच. टाकळा-माठ फार उकळला तर बरंचसं पाण्याबरोबर जातं.

पोलादपुरात मात्र आशा सेविका गरोदर बायकांना देतात ती नुसती ‘लाल गोळी’: 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक.