कळीचा दुवा

१. ‘कळीचा दुवा’ : जो पूल वा रस्ता तुटला की गावाचा संपर्क सुटतो किंवा मोठा वळसा पडतो, तो. भूकंपासाठी रस्त्यांचे जाळे तपासताना दोन गोष्टी एकत्र पाहतात : पूल हादऱ्यात टिकेल का, आणि न टिकल्यास पर्यायी वाट किती लांबची. माजलगावहून पाथरीकडे जाताना गोदावरी ओलांडावी लागते. तेथे तुळई बेअरिंगवरून सरकली, तर खांब शाबूत असूनही वाहतूक थांबेल. दुवा गावातल्या गल्लीतही तुटू शकतो : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा पट्टा सर्वांत कमी धोक्याचा मानला जाई. त्या पहाटेच्या भूकंपात कोसळलेल्या दगडमातीच्या भिंतींनी गल्ल्याच बुजल्या. म्हणून रुग्णवाहिकेची वाट दवाखान्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत तपासायला हवी. — संपा.