खर्जाचे मानकरी

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्यांवरील दिवे लागले म्हणजे तेथील एका स्नेह्यांच्या माडीवर आम्ही चारपाच मराठी मंडळी अधूनमधून जमतो. खाली दागिन्यांचे भाव चाललेले असतात आणि वर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या. अशाच एका बैठकीत ‘एकच प्याला’मधील सिंधूचे पद संपताच यजमानांच्या मुलाने विचारले, “काका, सिंधू गाते हे कळले; पण ती गाते तेव्हा समोर कोण उभे असे?” प्रश्न साधा होता, परंतु जमलेल्यांपैकी एकासही त्याचे उत्तर चटकन देता आले नाही, याची आम्हांस लाज वाटली. उत्तर असे आहे की, समोर गणपतराव बोडस उभे असत.

तंबोऱ्याच्या चार तारांत खर्जाची तार शेवटची. श्रोत्याचे तिच्याकडे लक्ष जात नाही. पण ती उतरली की सगळी मैफल बिघडते. नाटक मंडळ्यांतही अशी माणसे असत. त्यांच्या नावावर गर्दी होत नसे. मात्र ती नसली की गर्दी ज्यांच्यासाठी होई त्यांचेही तेज मावळे. या माणसांचा इतिहास आपण नीट लिहिलेला नाही. तो लिहावयाचा तर प्रथम जर्मन रंगभूमीकडे पाहणे उपयोगाचे होईल, कारण तेथे खर्जाच्या माणसाला एक ठरलेली जागा आहे.

जर्मन भाषेच्या मुलखात ऑपेरागृह म्हणजे केवळ इमारत नव्हे. ते एक बिऱ्हाड आहे. प्रत्येक मोठ्या शहराच्या ऑपेराचा स्वतःचा पगारी गायकसंच असतो. गायकाशी करार होतो तो त्याच्या गळ्याची जात पाहून: अमका तार स्वराचा नायक, अमकी हलक्या गळ्याची नायिका, अमका खर्जाचा. या खर्जाच्या गायकाला तिकडे ‘बास’ म्हणतात. राजे, पुरोहित, तपस्वी, वृद्ध बाप, तसेच मत्सरी म्हातारे आणि विनोदी दांडगेश्वर ही सारी पात्रे त्याच्या वाट्याची. नायिका त्याला सहसा मिळत नाही. मोझार्टने १७८२ साली ऑस्मिन या रागीट पहारेकऱ्याची गाणी रचली ती व्हिएन्नाच्या संचातील लुटविख फिशर याचा खोल गळा ध्यानात धरूनच. हाच फिशर पुढे १७८९ साली बर्लिनच्या दरबारी ऑपेरात कायम झाला आणि १८१५ साली निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडला. गायकाला निवृत्तिवेतन! आमच्यासारख्या कचेरीत सेवापुस्तके चाळणाऱ्यांना ही गोष्ट विशेष वाटावी यात नवल नाही.

या परंपरेतील विसाव्या शतकातला एक ठळक पुरुष म्हणजे रिखार्ट मायर. जन्माने ऑस्ट्रियन, वैद्यकाचे शिक्षण सोडून गाण्याकडे वळलेला. १९०२ साली माहलरने त्याला व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात घेतले आणि १९३५ साली मृत्यू येईपर्यंत तो त्याच घराचा राहिला. मधल्या काळात सम्राट गेला, साम्राज्य मोडले, दरबारी ऑपेराची सरकारी ऑपेरा झाली. पण मायरची जागा बदलली नाही. रिखार्ट श्ट्राउस याने ‘डेर रोझेनकाव्हालिअर’ रचताना ओख्स या सरदाराच्या भूमिकेसाठी मायरलाच डोळ्यांसमोर ठेवले होते. हा ओख्स म्हणजे हुंड्यावर डोळा ठेवून लग्नाला निघालेला, गावंढळ, बढाईखोर गृहस्थ. शेवटच्या अंकात त्याची पुरती फजिती होते. तथापि नाटक उभे असते ते त्याच्यावरच, आणि आरंभी ऑपेराला त्याचेच नाव द्यावे असे कर्त्यांच्या मनात होते. २६ जानेवारी १९११ रोजी ड्रेस्डेन येथे पहिला प्रयोग झाला तेव्हा ही भूमिका तेथल्याच संचातील कार्ल पेरोन याने केली. मायरने ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिएन्नात केली आणि मग ती त्याचीच होऊन गेली.

आता योगायोग पाहावा. ड्रेस्डेनच्या त्या प्रयोगानंतर दीड महिन्याने, १२ मार्च १९११ रोजी, मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. धैर्यधर झाले नानासाहेब जोगळेकर, भामिनी झाले बालगंधर्व, चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. त्यातही एक बढाईखोर उपवर आहे: पैशाने श्रीमंत आणि धैर्याने दरिद्री असा लक्ष्मीधर. त्याचीही फजिती होते, नायिका त्यालाही मिळत नाही. ही भूमिका गणपतराव बोडसांची. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन रंगभूमींवर एकाच वर्षी एकाच जातीचे पात्र जन्मास आले, आणि दोन्हीकडे ते पेलण्यास संचातला मुरलेला माणूस लागला.

किर्लोस्कर मंडळीही एक बिऱ्हाडच होते. ते थाटणारे अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते, ही गोष्ट आम्हां कारकुनांना नेहमीच सुखवते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘शाकुंतल’चे पहिले अंक झाले तेव्हा मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, शंकरराव मुजुमदार शकुंतला आणि बाळकोबा नाटेकर कण्व होते. कण्व म्हणजे तपस्वी आणि पिता. जर्मन हिशोबाने बासचीच भूमिका. पुढे मंडळी गावोगाव मुक्काम करी. नट एकत्र राहत, एका पंगतीस जेवत, एकत्र तालमी करीत. जर्मन ऑपेरा एका गावी स्थिर आणि आमची मंडळी सदा प्रवासात, एवढा फरक सोडला तर दोन्हींचे मर्म एकच: रोज तीच माणसे एकमेकांसमोर उभी राहिल्याने येणारी जाण.

गणेश गोविंद बोडस यांचा जन्म १८८० सालचा, म्हणजे संगीत ‘शाकुंतला’च्या जन्मवर्षाचाच. नट म्हणून ते किर्लोस्कर मंडळीत घडले. गळ्यापेक्षा गद्यावर त्यांची हुकमत. संगीत नाटकाच्या त्या बहराच्या काळात असा नट म्हणजे दुय्यम, असे कोणास वाटेल. पण ‘संशयकल्लोळ’ आठवून पाहावे. मोलिएरचे हे कथानक इंग्रजीच्या वाटेने देवलांच्या हाती आले. ते त्यांनी १८९३ साली गद्यात आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीसाठी संगीतात आणले. त्यात गाणारी मंडळी आश्विनशेठ आणि रेवती. परंतु नाटकाचे चाक फिरते ते संशयी म्हाताऱ्या फाल्गुनरावाभोवती. बोडसांच्या फाल्गुनरावाने पुढच्या सर्व फाल्गुनरावांना वळण घालून दिले. विनोदी म्हातारा हसे करून घेतो खरा, पण त्याचा संशय त्याच्यापुरता खराच असला पाहिजे. तो खोटा वाटला की पदे निराधार लोंबकळू लागतात. हे जाणणारा नट मंडळीचा खर्ज होय.

आणि मग ‘एकच प्याला’. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्याच बाजूच्या सावनेर येथे वारले आणि २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पदे वि. सी. गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर बोडसांचा. अपमानाने पेटून दारूकडे वळलेल्या त्या बुद्धिमान वकिलाचा ऱ्हास अंकागणिक दाखवावयाचा आणि तोही अशा गळ्यासमोर की ज्याच्या प्रत्येक पदाला ‘वन्समोअर’ येणार! सिंधूच्या गाण्यातले दुःख सुधाकराच्या गद्यातून उपजते. गद्य विरून गेले, पदे तेवढी राहिली, याचे एक कारण अगदी यांत्रिक आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत पद मावे. अंकभर चढत जाणारे गद्य मावत नसे. मायर याबाबतीत दैववान. १९३३ साली ‘रोझेनकाव्हालिअर’चा मोठा भाग व्हिएन्नात ध्वनिमुद्रित झाला, त्यात त्याचा ओख्स आजही बोलतो, गातो.

पण दोघांच्या आयुष्यांत याहून मोठा फरक आहे. मायर तेहतीस वर्षे एका घरात राहिला. बोडसांना घर बदलावे लागले. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे काही वर्षांतच टेंबे बाहेर पडले, मग बोडसही. मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली. तिचे वैभव डोळे दिपवणारे, तसे कर्जही. १९३५ साली बालगंधर्व नाटक बाजूस ठेवून प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात उतरले. आमच्या मंडळ्या भागीदारीवर उभ्या होत्या. माणसांची मने जुळली तोवर मंडळी. मने फाटली की ती सांधणारी खुर्ची, नियम वा तिजोरी मध्ये नव्हती. जर्मन ऑपेरामागे आधी दरबार होता, मग नगरपालिका आणि सरकार. मालक बदलला तरी बासची जागा अंदाजपत्रकात राही.

कायम नोकरीने कलावंत गंजतो असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि कारकुनाच्या तोंडून उलट मत आले तर ते स्वार्थाचे वाटेल. तरीही आम्ही म्हणतो की दुय्यम भूमिका वर्षानुवर्षे चोख करण्यास पोटाची निश्चिती लागते. नायकाला टाळ्या पोसतात. कण्वाला पगार पोसतो. मात्र या निश्चितीलाही दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत सरकारी नोकरांविषयीचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे ज्यू माणसे कचेऱ्यांतून तशीच सरकारी नाट्यगृहांतूनही काढली गेली. बर्लिनच्या सरकारी ऑपेरातील बास एमानुएल लिस्ट त्याच वर्षी अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ओख्स गाऊ लागला. जी तिजोरी जागा देते तीच एका कागदाने ती हिरावून घेऊ शकते. बोडसांनी घर सोडले ते स्वतःच्या पायांनी. हा मान आमच्या दरिद्री मंडळ्यांना दिलाच पाहिजे.

या साऱ्याचा रायपूरशी संबंध काय, असे कोणी विचारील. याच शहरात १९२३ साली हबीब तन्वीर जन्मले. १९५६ साली बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या संचाचे काम त्यांनी महिनोन् महिने पाहिले आणि परत आल्यावर १९५८ साली छत्तीसगढच्या नाचा या लोकनाट्यातील सहा कलावंत दिल्लीस नेऊन त्यांच्याकडून ‘मिट्टी की गाड़ी’ करविले. ‘मृच्छकटिक’च ते, देवलांनी मराठीत आणलेले. १९५९ साली ‘नया थिएटर’ निघाले. १९७३ साली येथे रायपुरात नाचाची शिबिरे झाली. १९८२ साली ‘चरणदास चोर’ने एडिंबरो जिंकले. जग हबीबजींचे नाव घेते. लालूराम, ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम ही नावे रायपुरातील तरी कितीजणांस ठाऊक आहेत? ही माणसे वर्षानुवर्षे एका संचात राहिली, म्हणून तो संच झाला.

बोडस १९६५ साली वारले. ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहून ठेवले, म्हणून निदान त्यांच्याविषयी एवढे तरी लिहिता येते. बहुतेकांनी काहीच लिहून ठेवलेले नाही. येथील गणेशोत्सवांत आमच्या वडीलधाऱ्यांनी नाटके केली. नायकाचे काम कोणी केले हे घरोघर सांगतात; बापाचे, मुनीचे, दारुड्याचे काम कोणी केले हे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. ज्यांना ती नावे आठवतात अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे जाऊन ती उतरवून घेण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे; वही सदर बाजारातील त्या माडीवरच ठेवली आहे. त्या मुलाने तिच्या पहिल्या पानावर गणपतराव बोडसांचे नाव लिहिले आहे, आणि खालची पाने कोरी आहेत.